गटांत न बसणारें पद

आमच्या ओटीवरच्या भिंतीचें घड्याळ २०१९ सालच्या दिवाळींत मीं दहा मिनिटें पुढें केलें, तें अद्याप तसेंच चालत आहे. घरांतल्या सर्वांना आतां त्याची संवय झाली असून प्रत्येकजण मनांतल्या मनांत दहा मिनिटें वजा करूनच तें पाहतो. म्हणजे ज्या हेतूनें तें पुढें केलें तो हेतु केव्हांच निष्फळ झाला आहे. पाहुणे मात्र फसतात आणि एस. टी. चुकेल या भीतीनें चहा अर्धा टाकून उठतात. त्यांना थांबवितांना मला दर वेळीं थोडें ओशाळल्यासारखें होतें. कारण घड्याळ पुढें कां आहे हें सांगावयाचें म्हणजे माझ्या नातीच्या शिष्यवृत्ति-परीक्षेची सगळी हकीकत सांगावी लागते, आणि ती हकीकत माझ्या मोठेपणाची नाहीं.

महाराष्ट्रांतल्या सुशिक्षित घराला ही परीक्षा काय आहे हें सांगणें म्हणजे कोंकणांतल्या माणसाला पाऊस काय हें सांगण्यासारखें आहे. तरीहि ज्यांचीं मुलें अजून बालवाडींत आहेत अशांसाठीं दोन शब्द सांगतों. १९५४-५५ सालापासून ती चौथीच्या आणि सातवीच्या मुलांसाठीं सुरू झाली; २०१६-१७ पासून ती पांचवीला आणि आठवीला नेण्यांत आली; आणि ती पुन्हां चौथी-सातवीकडे वळविण्याचा निर्णय २०२५ सालीं झाला. इयत्ता बदलल्या, परंतु या परीक्षेच्या नांवानें घरोघर उठणारी धांदल कांहीं बदलली नाहीं. माझ्या नातीच्या वेळीं ती पांचवीला होती. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद साऱ्या राज्यांत एकाच दिवशीं ती घेते. दोन पत्रिका, पहिलींत प्रथम भाषा व गणित, दुसरींत इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणी, प्रत्येक पत्रिकेंत ७५ प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, आणि वेळ दीड तास. उत्तर लिहावयाचें नाहीं. चार पर्याय दिलेले असतात. त्यांतला एक निवडून उत्तरपत्रिकेवरचें त्याचें वर्तुळ बॉलपेननें पूर्ण काळें करावयाचें. एकदां काळें केलेलें वर्तुळ पुन्हां पांढरें होत नाहीं. मनुष्याच्या आयुष्यांत इतकी अंतिम गोष्ट दहाव्या वर्षीं सहसा येत नाहीं.

या सर्वाचें फळ म्हणून यादींत येणाऱ्या मुलांना जी रक्कम मिळे, ती त्या काळीं पांचवीला वर्षाकांठीं हजार रुपयांच्या पुढें जात नसे. २०२३ सालीं ती ५,००० रुपये करण्यांत आली. सराव-प्रश्नांचे संच, शिकवणी आणि झेरॉक्स यांवर आम्हीं केलेला खर्च मीं एका वहींत मांडून ठेवला होता. ती वही मीं पुढें फाडून टाकली.

तेव्हां पैशासाठीं हें कोणी करीत नाहीं हें उघड आहे. माझ्यापुरतें सांगावयाचें तर मीं तें १९६२ सालासाठीं केलें. त्या सालीं मी स्वतः चौथीच्या शिष्यवृत्तीला बसलों होतों. माझे वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते; पगार बेताचा आणि खाणारीं तोंडें सात. शिष्यवृत्तीचे ते थोडेसे रुपये त्या घरांत खरोखरच मोजले गेले असते. निकाल कळावयाचा त्या दिवशीं वडील मला बरोबर घेऊन गेले. भिंतीवर डकविलेली यादी त्यांनीं वरून खालीं वाचली, मग खालून वर वाचली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, 'चला, घरीं जाऊं,' एवढेंच ते म्हणाले. एरवीं ते मला 'चल' म्हणत. त्या दिवशीं मात्र, एखाद्या परक्या माणसाला म्हणावें तसें, 'चला' म्हणाले. त्यानंतर ते तीस वर्षें जगले, पण त्या परीक्षेचें नांव त्यांनीं पुन्हां काढलें नाहीं. ते रागावले असते, दोन चपराका दिल्या असत्या, तर मी तो विषय केव्हांच विसरून गेलों असतों. पुढें मी शिकलों, दापोलीच्या एका हायस्कुलांत चौतीस वर्षें मराठी शिकविलें, घर बांधलें. परंतु त्या यादींत माझें नांव नव्हतें तें नव्हतेंच. नात पांचवींत गेली त्या दिवशीं मला एकदम वाटून गेलें कीं, ती यादी आतां पुन्हां एकदां लागणार आहे.

शाळेनें जुलै महिन्यांत पालकांची सभा बोलाविली. मुलगा आणि सूनबाई नोकरीवर असल्यामुळें सभेला जाण्याचा मान मला मिळाला. खरें म्हणजे तो मीं मागून घेतला. वर्गाच्या बाई वयानें लहान, पण मोठ्या समंजस होत्या. त्यांनीं शांतपणें सांगितलें, 'मुलांना पुरेशी झोप द्या. रात्रीं जागवूं नका. परीक्षेच्या दिवशीं नवा पदार्थ खायला घालूं नका. प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढून ठेवा. पेन आधीं चालवून पहा. आणि घरीं एकसारखी गुणांची चर्चा करूं नका.' यांपैकीं शेवटची सूचना सोडून बाकीच्या सर्व आम्हीं वह्यांत उतरून घेतल्या. त्यानंतर बाईंनीं 'कोणाला कांहीं विचारायचें आहे का?' असें म्हटल्यावर एका गृहस्थांनीं विचारलें, 'मागच्या वर्षीं जिल्ह्यांत पहिली आलेली मुलगी रोज किती तास अभ्यास करीत होती?' बाई हंसल्या. आम्ही मात्र हंसलों नाहीं. आम्हांला त्या आंकड्याची खरोखरच गरज होती.

घरीं आल्यावर मीं वेळापत्रक केलें. दूरदर्शनच्या संचावर सौभाग्यवतीनें विणलेलें एक आच्छादन घातलें. दिवाळींत पुण्याला नातीच्या मावशीकडे जाण्याचा बेत दरवर्षींचा. तो रद्द झाला. घड्याळ पुढें गेलें तें याच दिवाळींत. नव्वद मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ७२ सेकंद, हा हिशेब मीं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या मेजासमोर चिकटविला. कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या शंभर प्रती काढून आणल्या. वर्तुळ काळें करणें ही देखील एक विद्या आहे, हें मला तोंपर्यंत ठाऊक नव्हतें. रेघ बाहेर जातां कामा नये, आंत पांढरें राहतां कामा नये, आणि वेळहि जातां कामा नये. सौभाग्यवतीनें एकदां कुतूहलानें एक प्रत घेऊन दुपारभर तींतलीं वर्तुळें भरलीं आणि तीं इतकीं रेखीव भरलीं कीं, आम्ही सर्व थक्क झालों. 'ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच आहे हो हे,' ती म्हणाली. अर्थात् प्रश्न तिनें वाचले नव्हते. कोठलीं वर्तुळें भरावयाचीं तें तिनें नक्षीच्या सोयीनें ठरविलें होतें.

घर तयार होत होतें, यांत शंका नाहीं. शेजारच्या घरीं कोणता संच आणला, कोणत्या शिकवणींत किती सराव झाला, याच्या बातम्या सूनबाई ऑफिसांतून आणी. मुलगा रात्रीं जेवतांना तोंडी गुणाकार विचारी. भाजीवाल्याकडे उभें असतांनाहि मी नातीला मोडीचा हिशेब घालीत असें. 'दोन किलो कांद्यांना इतके, तर पाऊण किलोला किती?' भाजीवाला बिचारा उत्तरासाठीं ताटकळत राही. कधीं कधीं तोच आधीं सांगून मोकळा होई.

डिसेंबरांतल्या एका संध्याकाळीं बुद्धिमत्तेचा संच चालूं होता. 'गटांत न बसणारें पद ओळखा' असा एक प्रश्नप्रकार त्यांत असतो. चार नांवें दिलेलीं असतात. तीन एका जातीचीं, एक निराळें. त्या दिवशींचीं नांवें होतीं: कंदील, समई, निरांजन, पणती.

'पणती,' नात म्हणाली.

'चूक.'

'का? पणती मातीची असते. बाकीची सगळी पत्र्याची नाहीतर पितळेची.'

'उत्तर कंदील आहे,' मी म्हणालों. मागच्या पानावरची उत्तरसूची माझ्या बोटाखालीं होती.

'मग निरांजनसुद्धा वेगळं. त्यात तूप असतं. आणि समई तर केवढी उंच असते! आजोबा, ह्यातलं प्रत्येकच वेगळं आहे.'

सौभाग्यवती देवघराच्या दाराशीं वाती वळीत बसली होती. तिनें मान वर केली आणि म्हणाली, 'खरंच की हो!'

मीं घड्याळाकडे पाहिलें. या एका प्रश्नावर चार मिनिटें गेलीं होतीं. म्हणजे तीन प्रश्नांचा वेळ खाऊन चौथ्यालाहि हात घातला होता. मी म्हणालों, 'उत्तर कंदील. का, ते विचारू नकोस. पुढे चल.'

हें वाक्य मीं चौतीस वर्षांत एकाहि विद्यार्थ्याला ऐकविलें नव्हतें. उलट, कवीनें येथें हाच शब्द कां घातला, याच्याऐवजीं दुसरा कां नाहीं, असें विचारून विचारून मीं वर्गाला भंडावून सोडीत असें. मुलें माझ्यामागें मला 'कां-मास्तर' म्हणत, आणि तें मला ठाऊक असून त्याचा थोडा अभिमानहि होता. तोच मी स्वतःच्या नातीसमोर बसून तिचीं तीन चांगलीं कारणें एका वाक्यानें झाडून टाकीत होतों. त्या वेळीं मात्र असें कांहींहि माझ्या मनांत आलें नाहीं. नातीनें मान हलविली आणि पुढचें वर्तुळ काळें केलें. त्यानंतर तिचा वेग वाढला. जानेवारींत ती ७५ प्रश्न ऐंशी मिनिटांत संपवूं लागली आणि मला कांहीं विचारीनाशी झाली. याचा अर्थ तयारी पुरी झाली असा मीं केला, आणि शेजाऱ्यांना तसें सांगितलेंहि.

चार पर्यायांच्या परीक्षेला नांवें ठेवणें सोपें आहे. निवृत्त शिक्षकाला तर तें शोभूनहि दिसतें. पण मीं आयुष्यभर निबंध तपासले आहेत, आणि सकाळीं ज्या निबंधाला मी दहांपैकीं सहा गुण दिले असते त्याला जेवणानंतर आठ दिले असते, हें मला पक्कें माहीत आहे. अक्षर सुंदर असलें कीं माझा हात सैल सुटे. ओळखीच्या घरचा मुलगा असला तर तो सैल सुटूं नये म्हणून मी उगाच एक गुण कमी करीत असें, हाहि अन्यायच. तपासणाऱ्याच्या मर्जीचा हा घोळ काढून टाकावा म्हणूनच १९१४-१५ च्या सुमारास अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत फ्रेडरिक केली यानें पर्याय निवडण्याच्या चाचणीची कल्पना पुढें आणली. बुद्धिमत्ता मोजण्याची कल्पना त्याहून थोडी जुनी. पॅरिसमध्यें १९०५ सालीं आल्फ्रेड बिने व सिमाँ यांनीं पहिली मोजपट्टी तयार केली, ती शाळेंत मागें पडणारीं मुलें हुडकून त्यांना निराळी मदत देतां यावी म्हणून. मूल मूळचेंच मंद असेल तर त्याला इलाज नाहीं, हें मत बिनेला मुळींच मान्य नव्हतें. शिक्षणानें बुद्धि वाढते असें तो मानी. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं त्या मोजपट्टीचें रूपांतर मुंबई इलाख्यांतल्या कानडी व मराठी मुलांसाठीं केलें, आणि त्यांचें त्यावरील इंग्रजी पुस्तक १९४० सालीं प्रसिद्ध झालें. परक्या देशांतले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे विचारून चालणार नाहींत, घरांतल्या वस्तूंचीं नांवें बदललीं कीं प्रश्नहि बदलतो, ही त्यांतली गोम आहे. कंदील, समई, निरांजन, पणती! ज्या घरांत चारहि वस्तु आहेत त्या घरांतल्या मुलीला हा प्रश्न सर्वांत अवघड जावा, ही त्या प्रश्नाची मौज मला फार उशीरा कळली.

परीक्षा २०२० सालच्या फेब्रुवारींत झाली. केंद्र गांवांतल्याच दुसऱ्या एका शाळेंत होतें. एका दहा वर्षांच्या मुलीला पोहोंचविण्यासाठीं आम्ही चौघेजण गेलों. सूनबाईच्या हातांत पाण्याची बाटली, मुलाच्या हातांत प्रवेशपत्राच्या प्रती, सौभाग्यवतीच्या हातांत दहीसाखरेची वाटी, आणि माझ्या खिशांत पांच पेनें. नातीच्या हातांत कांहीं नव्हतें. आम्हीं कांहीं उरूंच दिलें नव्हतें.

फाटकाशीं एक टेम्पो येऊन थांबला. त्यांतून जिल्हा परिषदेच्या एका वाडीवरच्या शाळेंतलीं आठ-नऊ मुलें उतरलीं. त्यांच्याबरोबर त्यांचे शिक्षक तेवढे होते. आईबाप बहुधा कामावर गेले असावेत. त्या गुरुजींनीं मुलांना झाडाखालीं ओळीनें बसविलें, प्रत्येकाचें पेन स्वतःच्या तळहातावर ओढून पाहिलें, एका मुलीची सुटलेली रिबीन बांधून दिली. मीं सहज चौकशी केली. ऑगस्टपासून ते शाळा सुटल्यावर दीड तास अधिक थांबत होते, आणि टेम्पोचें भाडें त्यांनीं खिशांतून दिलें होतें. हें त्यांनीं विचारल्यावर सांगितलें, आणि सांगतांना त्यांचें लक्ष मुलांकडेच होतें. त्यांच्या तळहातावर निळ्या रेघांचें जाळें झालें होतें. या परीक्षेला आणखी कांहीं बोलावयाचें झालें तर आधीं तो तळहात आठवावा, असें मीं तेव्हांपासून स्वतःला बजावीत आलों आहें. अक्षर, आडनांव, अंगावरचा गणवेष यांपैकीं कांहींहि न पाहणारें यंत्र त्या वाडीवरच्या मुलांना जेवढें उपयोगी, तेवढें माझ्या नातीला नाहीं.

मुलें आंत गेलीं आणि पालक बाहेर उरले. दीड तास करावयाचें काय? एका बाईनें जपाची माळ काढली. माझ्याशेजारीं बसलेल्या एका तरुण बापाला मीं धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगितली; कर्व्यांचें मुरूड येथून कांहीं मैलांवर, त्यामुळें ती आमच्याकडे घरचीच समजली जाते. सतरा-अठरा वर्षांचे कर्वे सरकारी नोकरीला लागणाऱ्या परीक्षेसाठीं चार सोबत्यांसह भर पावसांत सुमारें ११० मैल चालत साताऱ्याला गेले, आणि तेथें 'तुझें वय दिसत नाहीं' म्हणून त्यांना परीक्षेला बसूंच दिलें नाहीं. 'आत्मवृत्तां'त त्यांनीं स्वतःच हें लिहिलें आहे. तरुण बापानें सर्व ऐकून घेतलें आणि काळजीनें विचारलें, 'म्हणजे जन्मतारखेचा दाखला आणायला हवा होता का?'

मधल्या सुटींत नात बाहेर आली तेव्हां मीं विचारलें, 'कसा गेला?' ती म्हणाली, 'सोडवला.' दुसऱ्या पत्रिकेनंतरहि तेंच.

निकाल पुढें पुष्कळ महिन्यांनीं लागला. ती पात्र ठरली. शिष्यवृत्तीच्या यादींत मात्र तिचें नांव नव्हतें. वाडीवरच्या मुलांचें काय झालें तें मला कळलें नाहीं. या मधल्या काळांत परिषद अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते आणि तिच्यावर आक्षेप मागविते; अमुक उत्तर बरोबर कां आणि तमुक कां नाहीं, हें मोठ्या माणसांनीं कारणांसह लिहून पाठवावयाचें, तज्ज्ञांनीं त्याचा विचार करावयाचा, आणि मग अंतिम सूची निघावयाची. म्हणजे 'कां' विचारण्याची मुभा या परीक्षेंत आहे. ती आम्हीं मुलांपर्यंत पोहोंचूं दिली नव्हती, इतकेंच. परंतु हेंहि मला तेव्हां सुचलें नाहीं. मला जें कांहीं सुचलें तें निकालापूर्वीं, जून महिन्यांत, आणि त्याला वादळ कारण झालें.

मार्चांत शाळा बंद झाल्या, टाळेबंदी आली, तें सर्वांना ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलें आणि आमच्या दापोली-मंडणगडकडच्या पट्ट्यालाहि त्यानें झोडपून काढलें. परसांतलीं दोन नारळाचीं झाडें आणि माझ्या वडिलांनीं लावलेला आंबा एका दुपारींत आडवा झाला. माजघरावरचीं कौलें उडालीं आणि पावसाचें पाणी थेट कोठीच्या खोलींत आलें. विजेचे खांब रस्त्यांवर पडले होते. वीज कधीं येईल हें सांगण्यास कोणी तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सूनबाईनें पावसाळ्याच्या बेगमीचें तांदळाचें पिंप उपसावयास घेतलें. झांकण सरकून वरचा थर भिजला होता. खालचा कोरडा तांदूळ चादरीवर ओततांना त्यांतून एक प्लॅस्टिकची पिशवी निघाली, आणि पिशवींतून सरावाच्या प्रश्नपत्रिका. 'बाबा, हे पहा,' म्हणून सूनबाईनें त्या माझ्याकडे आणून दिल्या. तिच्या चेहऱ्यावरून तिला काय वाटलें तें दिसत होतें. मलाहि तेंच वाटलें. कमी गुणांच्या पत्रिका पोरीनें लपविल्या असणार. मी चष्मा लावून बसलों.

गुण कमी नव्हते. एकींत तर दीडशेंपैकीं १३२ होते. परंतु प्रत्येक पत्रिकेच्या समासांत पेन्सिलीनें, बारीक अक्षरांत, कांहीं लिहिलेलें होतें. काजू, फणस, आंबा, कोकम यांच्यापुढें, 'काजू. बी बाहेर असते.' मंगळवार, गुरुवार, शनिवार, जून यांच्यापुढें, 'जून. पण मला शनिवार वेगळा वाटतो. सकाळची शाळा.' एका आकृतीच्या प्रश्नाखालीं, 'ही आकृती उलटी धरली तर दुसरं उत्तर येतं.' आणि त्या डिसेंबरांतल्या संध्याकाळच्या पत्रिकेवर चार ओळी: 'पणती माती. निरांजन तूप. समई उंच. कंदील का?' 'का' या अक्षराखालीं दोन रेघा मारलेल्या होत्या.

सूनबाईनें तिला जवळ घेऊन विचारलें. ती म्हणाली, 'लिहीत बसलं की वेळ जातो. आजोबांना आवडत नाही. म्हणून मी रात्री लिहायची.'

मीं ते कागद उन्हांत वाळत घातले. ते ओले नव्हते.

त्या संध्याकाळीं अंधार पडल्यावर घरांत जें कांहीं पेटण्यासारखें होतें तें सर्व बाहेर निघालें. माळ्यावरचा कंदील मुलानें पुसून आणला. तळाशीं वीतभर रॉकेल असलेला डबा सांपडला. सौभाग्यवतीनें समई ओटीवर आणून ठेवली, देवापुढचें निरांजन लावलें, दिवाळीच्या पणत्यांपैकीं एक उंबऱ्याशीं ठेवली. चारहि दिवे एका ओळींत जळत होते. मी नातीला म्हणालों, 'बाळ, ह्यात वेगळा कोणता?'

तिनें वर पाहिलें नाहीं. 'कंदील,' ती तत्काळ म्हणाली. दोन सेकंदहि लागले नसतील.

'का?'

'का, ते विचारायचं नसतं.'

तिच्या बोलण्यांत राग नव्हता, टोमणा नव्हता. तोंडपाठ झालेला नियम सांगावा तसें ती बोलली. माझ्या खांद्यावर कोणी तरी पुन्हां हात ठेवला आहे आणि 'चला' म्हणत आहे असें मला वाटलें. मी तिला म्हणालों, 'ते मी चुकीचं सांगितलं होतं.' तिनें मान हलविली. डिसेंबरांत हलविली होती तशीच.

वीज पुष्कळ दिवस आली नाहीं. रोज संध्याकाळीं मी तिला कांहींबाहीं विचारीत असें. पडलेल्या आंब्याचीं मुळें इतकीं उथळ कां? नारळ मोडला आणि पोफळ नुसती वांकली, असें कां? ती 'माहीत नाही' म्हणे आणि आजीकडे निघून जाई. एकदां मीं एक कारण मुद्दाम साफ चुकीचें सांगितलें. तें तिला कळलें हें तिच्या भुंवयांवरून दिसलें, पण ती बोलली नाहीं. सौभाग्यवती मला म्हणाली, 'अहो, आता हीसुद्धा परीक्षाच झाली की. तिला नुसतं बसू द्या.' मग मी विचारणें सोडलें, आणि आम्ही नुसते बसूं लागलों.

सातव्या का आठव्या रात्रीं जेवणें आटोपून ओटीवर बसलों असतांना एकाएकीं वारा सुटला. उंबऱ्याशींची पणती पहिल्याच झोतांत गेली. आंतून सौभाग्यवती 'निरांजन विझलं गं बाई' म्हणाली. समईच्या पांच वातींपैकीं तीन गेल्या, मग उरलेल्या दोन. आढ्याला टांगलेला कंदील तेवढा हेलकावे घेत जळत राहिला आणि आमच्या सावल्या भिंतीवर पुढेंमागें होऊं लागल्या. नात सरकत सरकत माझ्या मांडीला येऊन टेकली.

'आजोबा, कंदीलच वेगळा आहे,' ती म्हणाली.

मी गप्प बसलों. कंदिलाच्या कांचेकडे ती बराच वेळ पाहत होती. मग तिनें माझा दंड धरून हलविला.

'का, ते विचारा ना.'